‘आपलीच पोरं’ घेतली की टीम जिंकते?

मागच्या महिन्यात कोल्हापूरहून माझ्या मावसभावाचा मेसेज आला. ‘भाई, या सीझनला टीम फक्त आपल्या पोरांची करतोय. बाहेरचा एकपण नाही. जर्सीचं तू बघशील का?’

‘बघशील का’ म्हणजे पैसे देशील का. ते मी दर वर्षी देतो, त्यामुळे त्यात नवीन काही नव्हतं. नवीन होता तो ‘बाहेरचा’ हा शब्द. त्याची सेव्हन-अ-साइड टीम गेली चार वर्षं एकत्र खेळतेय. तिचा गोलकीपर आणि डावीकडचा बचावपटू दोन गल्ल्या सोडून पलीकडे राहतात. घरी गणपती बसतो, एवढंच काय ते त्यांचं बाहेरचेपण. मी विचारलं, त्यांनी काय केलं? तो म्हणाला, काहीच नाही. पण ७ जून २०२३ नंतर सगळं अवघडल्यासारखं झालंय, ग्रुपवर काही लिहायचं तर दहा वेळा विचार करावा लागतो. सगळे आपलेच असले की एकमेकांना न बोलता कळतं. पुढे त्यानं पुरावाही जोडला: ‘अॅथलेटिक बिल्बाओ बघ की. शंभर वर्षं फक्त आपली पोरं खेळवतात. कधी खाली गेलेत का?’

त्या जूनमध्ये शहरात काय घडलं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको, आणि वीस वर्षांच्या मुलाला आपल्या माणसांत बरं वाटतं यात चूक काही नाही. पण त्यानं युक्तिवाद फुटबॉलचा केला होता, म्हणून मी तो फुटबॉलचा म्हणूनच घेतला. एकाच देशाचे, एकाच मातीचे खेळाडू असले की टीम जास्त जिंकते का?

बिल्बाओचं उदाहरण लेचंपेचं नाही. १९२९ साली स्पेनची ला लिगा सुरू झाली. तेव्हापासून एकदाही खालच्या विभागात न गेलेले क्लब तीनच: रिअल माद्रिद, बार्सिलोना आणि अॅथलेटिक बिल्बाओ. पहिले दोघे जगभरातून खेळाडू विकत घेतात. तिसरा साधारण तीस लाख वस्तीच्या बास्क प्रदेशातूनच घेतो. ६ एप्रिल २०२४ च्या रात्री मायोर्काविरुद्ध त्यांची कोपा देल रेची फायनल होती, आपल्याकडे मॅच मध्यरात्रीनंतर दीडला सुरू झाली. रमजानची सत्ताविसावी रात्र. मशिदीतून आलो आणि खोलीत मोबाइलचा आवाज बंद करून बसलो. अम्मी सेहरीसाठी उठली तेव्हा पेनल्टी चालू होत्या. काय बोलणी खाल्ली ते इथं सांगत नाही. १९८४ नंतर पहिल्यांदा बिल्बाओनं तो कप जिंकला.

पण त्या मॅचमध्ये बरोबरीचा गोल कसा झाला ते पाहा. सान्सेतनं मारला, पास होता निको विल्यम्सचा. निकोचा मोठा भाऊ इन्याकी त्याच टीममध्ये खेळतो. २०१६ ते २०२३ या काळात लीगच्या सलग २५१ मॅच खेळण्याचा विक्रम त्याच्या नावावर आहे. दोघांचे आईवडील घानाचे. सहारा वाळवंट पायी तुडवत ते स्पेनच्या हद्दीत शिरले. इन्याकीचा जन्म बिल्बाओतला, निकोचा पँप्लोनातला. आज एक भाऊ घानाकडून खेळतो, दुसरा स्पेनकडून. म्हणजे मावसभावाच्या पुराव्यातल्या टीमचे दोन मोठे चेहरे असे, की एका घरातच दोन राष्ट्रीयत्वं. क्लबचा नियम आज असा आहे: बास्क भूमीत जन्मलेला, किंवा तिथल्या क्लबमध्ये फुटबॉल शिकलेला. त्यात रक्त, आडनाव किंवा देव कुठेच येत नाही. तिथं टिकून राहतं ते एकच: मुलगा बाराव्या-तेराव्या वर्षापासून लेझामाच्या मैदानावर त्याच मुलांबरोबर, त्याच पद्धतीनं खेळलेला असतो.

दुसरं आवडतं उदाहरण सेल्टिकचं. १९६७ साली लिस्बनमध्ये युरोपियन कप जिंकणाऱ्या त्या टीममधले सगळे जण ग्लासगोतल्या आपल्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले होते. हे ऐकलं की कुणाचाही ऊर भरून येतो. माझाही येतो. (सेल्टिकशी आपलं नातं आहेच, मोहम्मेडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम १९३६ साली तिथं अनवाणी खेळून आला होता.) पण मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. एखादा बदल केल्यामुळे सिस्टिम वेगानं चालायला लागली असं कुणी म्हणालं, की ज्या सिस्टिमवर तो बदल केला नव्हता तिचं काय झालं, हे आम्ही आधी विचारतो. तर त्या दिवशी समोर इंटर मिलान होती. मैदानात उतरलेले तिचे अकराही जण इटालियन होते. दोन्हीकडे एकेकच देश. मग सेल्टिक २-१ जिंकली ती एकराष्ट्रीयत्वामुळे, असं म्हणायला जागा उरते कुठे?

१९८६ ची स्टेआवा बुखारेस्ट हे जरा कठीण प्रकरण आहे. सगळे रोमानियन, समोर बार्सिलोना. त्यांच्यात जर्मन शुस्टर आणि स्कॉटिश आर्चिबाल्ड. गोलकीपर दुकादामनं लागोपाठ चार पेनल्टी अडवल्या आणि कप पूर्व युरोपात गेला. पण ती टीम अशी एकत्र का राहिली? चाउशेस्कूच्या राजवटीत चांगल्या खेळाडूला परदेशी क्लबकडे जायची मुभाच नव्हती. दारं बंद होती म्हणून पोरं वर्षानुवर्षं एकत्र खेळली. खेळ पिकला तो त्या वर्षांमुळे, आणि तशी वर्षं बंद दारांशिवायही मिळू शकतात.

त्याच टीममधला बेलोदेदिच पुढे पळून युगोस्लाव्हियात गेला आणि १९९१ साली रेड स्टार बेलग्रेडकडून पुन्हा युरोपियन कप जिंकला. त्या टीममध्ये सर्ब होते, मॅसेडोनियाचा पांचेव होता, प्रोसिनेचकी होता, जो पुढे क्रोएशियाकडून खेळला. मे महिन्याच्या शेवटी फायनल झाली, जूनमध्ये स्लोव्हेनिया आणि क्रोएशियानं स्वातंत्र्य जाहीर केलं. कप जिंकला तेव्हा बेलोदेदिच सोडला तर बहुतेक सगळे एका देशाचे होते. वर्षभरात नव्हते. त्यांचं एकमेकांशी असलेलं खेळातलं नातं त्या जूनमध्ये एका रात्रीत बदललं का? राष्ट्रीयत्व ही अशी वस्तू आहे. कागदावर पक्की आणि कागदाबाहेर कधीही सरकणारी.

यावर अभ्यासही झालेत. पण ते एकमेकांशी भांडतात. हास आणि न्युएश या दोघांनी जर्मन बुंडेसलिगाचे १९९९ ते २००६ चे सीझन तपासले. त्यांना दिसलं की टीममध्ये जितके जास्त देश मिसळलेले, तितकी कामगिरी खालावलेली. म्हणजे माझा मावसभाऊ बरोबर. मग इंगरसोल, मालेस्की आणि सायग यांनी चॅम्पियन्स लीगचे दहा सीझन घेतले. तिथं उलट निघालं, वेगवेगळ्या मुळांचे खेळाडू असलेल्या टीमचा गोलफरक चांगला. म्हणजे मावसभाऊ चूक. मला सर्वांत पटला तो तिसरा अभ्यास, आणि तो फुटबॉलचा नाहीच. उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीचा आहे. युरोपातून खेळाडू आणणाऱ्या टीम जास्त जिंकतात, पण ते युरोपियन सतरा देशांतून वेचलेले असण्यापेक्षा एकाच देशाचे असले तर अधिक जिंकतात. वेगळं कौशल्य बाहेरून येतं, पण ते आणणाऱ्याला बोलायला, चिडायला, हसायला शेजारी कुणी तरी लागतं.

हे वाचल्यावर मला २०१० ची इंटर आठवली. चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये बायर्नविरुद्ध सुरुवातीच्या अकरात एकही इटालियन नव्हता. (या क्लबचं पूर्ण नावच इंटरनॅझिओनाले. परदेशी खेळाडू घ्यायचे की नाही यावरून भांडून १९०८ साली लोक मिलान क्लबमधून बाहेर पडले आणि हा क्लब काढला. शंभराहून जास्त वर्षं झाली, भांडण तेच.) पण त्या अकरात चार जण अर्जेंटिनाचे होते: झानेट्टी, काम्बियासो, सॅम्युएल, मिलितो. तीन ब्राझीलचे, आणि ते तिघंही मागच्या फळीत: गोलकीपर ज्युलियो सेझार, मायकॉन, लुसियो. वरून अठरापगड दिसणाऱ्या टीमच्या पोटात अशी दोन घरं होती. आणि झानेट्टी १९९५ पासून तिथंच होता.

तेव्हा मावसभावाच्या म्हणण्यात तथ्य आहे, मी ते नाकारत नाही. भाषा एक असली की वेळ वाचतो. ‘मागे माणूस आहे’ हे सांगायला फुटबॉलमध्ये अर्धा सेकंद मिळतो, तिथं भाषांतर चालत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की ही सवय लावता येते. एका गल्लीत जन्मल्यानं ती फुकट मिळते आणि चार वर्षं एकत्र खेळल्यानं कमावता येते. त्याचा गोलकीपर ती कमावून बसलेला आहे.

आता माझ्या विरोधात जाणारं उदाहरण. मोरोक्को, २०२२. तुमच्यापैकी बहुतेकांनी त्या रात्री जागवल्या असतील. २६ जणांच्या त्या संघातले १४ मोरोक्कोच्या बाहेर जन्मलेले. हकीमी माद्रिदचा, झियेश आणि अमराबात नेदरलँड्सचे, बुफाल पॅरिसचा, गोलकीपर बोनोचा जन्म तर कॅनडातला. कुणाचं बालपण डच भाषेत गेलं, कुणाचं स्पॅनिशमध्ये, कुणाचं फ्रेंचमध्ये. एका मैदानावर वाढणं नाही, वर्षानुवर्षांचा सराव नाही. प्रशिक्षक वालिद रेग्रागुई, तोही फ्रान्समध्ये जन्मलेला, स्पर्धेच्या जेमतेम तीन महिने आधी नेमला गेला. तरी त्यांनी बेल्जियम, स्पेन आणि पोर्तुगालला हरवलं. सेमीफायनलपर्यंत त्यांच्यावर एकच गोल झाला होता, तोही स्वतःच्याच खेळाडूकडून. एकत्र घालवलेला वेळच सगळं ठरवतो हा माझा सिद्धान्त इथं उघडा पडतो. ‘आपला देश’ या भावनेनंच ती पोरं पळत होती. मैदानात नाचणारी बुफालची आई पाहिल्यावर दुसरं काही म्हणणं खोटेपणाचं होईल.

मात्र त्याच मोरोक्कोची वर्षभर आधीची गोष्टही बघा. तोच देश, तेच पासपोर्ट, तीच भावना. आधीच्या प्रशिक्षकाशी बिनसलं आणि झियेश, मझरावीसारखे खेळाडू संघाबाहेर होते. रेग्रागुईनं त्यांना परत बोलावलं, खेळाडूंच्या आईबापांना सोबत येऊ दिलं. राष्ट्रीयत्व दोन्ही वेळेला सारखंच होतं. बदलली ती वागणूक. आमच्या भाषेत याला कंट्रोल्ड एक्स्पेरिमेंट म्हणतात, फुटबॉलमध्ये असा क्वचितच हाती लागतो.

याच प्रश्नाची दुसरी बाजू आपल्याला जास्त ओळखीची आहे. ‘एकाच मातीचे हवेत’ हे वाक्य नेहमी जिंकण्यासाठी उच्चारलं जात नाही. पुष्कळदा ते हरल्यावर, दोषी शोधताना उच्चारलं जातं. मेसुत ओझिल गेल्सेनकिर्शेनमध्ये जन्मला, २०१४ चा वर्ल्ड कप जर्मनीसाठी जिंकला. २०१८ ला जर्मनी पहिल्याच फेरीत बाहेर पडली तेव्हा बायर्नच्या मध्यफळीवर, प्रशिक्षकावर किंवा जुनाट झालेल्या खेळावर जेवढी चर्चा झाली, त्याहून जास्त त्याच्या एका फोटोवर झाली. जिंकलो की जर्मन, हरलो की परका, अशा अर्थाचं लिहून तो निघून गेला. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा गड्यांनी हरला. अकरा जण हरले होते. शिव्या कुणाला जास्त पडल्या ते आठवा. कप्तान कोहली शमीच्या पाठीशी उघड उभा राहिला, हेही आठवा. माझ्या मते टीम म्हणजे ते उभं राहणं. ते करायला दोघं एका गल्लीतले असावे लागले नाहीत. आणि ज्या मोजपट्टीनं आपल्याला बाहेरचं ठरवतात, तीच आपण गोलकीपरच्या खांद्याला लावायची?

मोहम्मेडन स्पोर्टिंगचं नाव वर आलं, तर तेही बोलून टाकू, कारण मावसभावाचा पुढचा मेसेज तोच होता. १९३४ ते १९३८, सलग पाच वर्षं कलकत्ता लीग. गोऱ्यांच्या पलटणींच्या टीमना मागे टाकून ती लीग जिंकणारा पहिला भारतीय क्लब. १९४० साली ड्युरँड कप, तोही भारतीयांपैकी पहिला. सगळे मुसलमान. खरं आहे. पण कलकत्त्यातले मुसलमान मिळाले म्हणून हे जमलं नाही. क्लबनं पार बंगालबाहेर जाऊन खेळाडू शोधले, आणि पावसाळी मैदानावर इतर भारतीय टीम अनवाणी घसरत असताना आपल्या खेळाडूंच्या पायांत बूट चढवले. त्या टीममध्ये एकमेकांची मायबोली न कळणारे लोक होते. आणि योगायोग असा की, मी बिल्बाओची फायनल बघत होतो त्याच ६ एप्रिलला मोहम्मेडननं शिलाँगमध्ये आय-लीग जिंकली होती. प्रशिक्षक रशियन, खेळाडू अर्जेंटिना-होंडुरासपासून ईशान्य भारतापर्यंतचे. नाव तेच, पोरं देशोदेशीची, आणि स्टँडमध्ये तोच जल्लोष.

त्याच स्पर्धेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र २०१७ ची आहे. आयझॉल एफसी. आदल्या वर्षी खाली घसरलेली, नशिबानं पुन्हा आत घेतलेली मिझोरामची टीम. बहुतेक मिझो मुलं, एकमेकांना लहानपणापासून ओळखणारी. त्यांना मिळाला मुंबईत फुटबॉल घडलेला खालिद जमील. सोबत मुंबईचाच जयेश राणे, गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स, मधल्या फळीत सीरियाचा अल-अमना. मोहन बागान आणि ईस्ट बंगालला मागे टाकून त्यांनी आय-लीग जिंकली. मिझो गाभा नसता तर जमलं नसतं. पण मिझो गाभा आदल्या वर्षीही होता, तरी ते घसरले होते.

थोडं माझं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी हॉस्टेलमध्ये आम्हीही ‘आपल्या’ नऊ जणांची टीम काढली होती. फार मजा आली. पहिल्या फेरीत हरलो. आमचा स्ट्रायकर पास देत नव्हता हे आठही जणांना दिसत होतं, पण तो सीनियर, शिवाय एकाचा लांबचा नातेवाईक. आपल्यातल्याला कोण बोलणार? नोकरी लागल्यावर असंच एकदा पाच जण एका भागातले, एका कॉलेजचे, आम्ही नोंदणीचा फॉर्म लिहिला. विक्रमी वेळात. त्यात वडिलांच्या नावाचा रकाना आम्ही सक्तीचा ठेवला, कारण आम्हा पाचही जणांच्या डोक्यात नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. केरळच्या ग्राहकांची नोंदणीच होईना. आमच्यापैकी कुणालाही ती चूक दिसली नाही, कारण ती पाचही जणांची एकच होती.

कोल्हापूरकराला हे मी काय सांगणार? पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी: आमच्याकडे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. ज्या तालमीत गणपती बसतो तिथंच मोहरमचे पंजे बसलेले आम्ही पाहत आलो. शाहू स्टेडियमवर वाद व्हायचा तो पेठेवरून. कोण कुठल्या पेठेचा, हा विषय माणसाच्या जातीधर्माच्या कितीतरी वर होता. गेल्या काही वर्षांत त्याच तालमींनी नायजेरियाची पोरंही खेळवली, आणि अर्ध्या सीझनमध्ये पेठेनं त्यांना आपलंही केलं. हे सगळं पवित्र होतं असं नाही. पेठेवरून डोकी फुटलेली मी पाहिलीत. पण ‘आपला’ या शब्दात नायजेरियाचा माणूस मावत होता आणि शेजारच्या गल्लीतला गोलकीपर मावत नाही, हे मला समजावून सांगता येत नाही.

हे सगळं मी मावसभावाला एवढं लांबलचक लिहिलं नाही. एवढंच विचारलं, नवा गोलकीपर कोण? त्यानं एक नाव सांगितलं. उंची किती, विचारलं. पाच फूट चार इंच, तो म्हणाला, पण उडी चांगली मारतो. मग बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं आणि काहीच आलं नाही.

जर्सीचे पैसे मी पाठवलेत, दहाचे. नऊ जणांची नावं आणि मापं आली आहेत. एक नंबरची जर्सी तेवढी राहिलीय.